सातव्या महिन्याची खीर

सोमवार, १२ जानेवारी

काल दुपारी खाल्लेले वाल आज सकाळी बाहेर आले. दाणा न् दाणा तसाच. वाडीत टाकले असते तर उगवले असते. म्हणजे इतका वेळ पोटात नुसते पाहुणे म्हणून बसलेले.

ह्यांनी पाठीवर हात फिरवला. बोलले काही नाहीत. बोलायचं खातं लग्नापासून माझ्याकडे.

माणिकपूरचा डॉक्टर दिवाळीपासून पित्ताच्या गोळ्या देतोय. मी म्हटलं, अहो, पित्त आंबट असतं, पिवळं असतं, वालाचं नसतं. तर माझ्याकडे न बघता माझ्या लेकाला, प्रमोदला सांगतो, "वय झालं की होतं असं." माझ्या आईचं वय झालं नव्हतं? ती शेवटपर्यंत बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकर खाऊन गेली.

ब्लाउज सगळे ढगळ झालेत. शालू, माझी धाकटी जाऊ, काल कुंपणावरून विचारते, "वैनी, डाएट करताय काय?" डाएट! चार घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं, कूस बदलली की आत पाणी डचमळतं, आणि हिला डाएट दिसतंय.

चांगलं एकच. बायो आज पालथी झाली. आपली आपण. प्रमोद-अश्विनीच्या लग्नाला किती वर्षं लोटली, किती देव झाले, किती डॉक्टर, तेव्हा कुठे ही पोर आली. नाव ठेवलंय रियांशी. मला नाही वळत. मी बायो म्हणते, ती बघते, विषय संपला. पालथी होऊन मान अशी वर केलीन जसा वसईचा किल्ला हिनेच घेतला.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायोचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले तर रडायची सोडून हसायला लागली. एक चुरमुरा कपाळाला चिकटला, तो काढू दिला नाही मी कोणाला. काय गोड दिसत होती. दृष्ट काढली, मग परत काढली.

शालू म्हणाली, "आता उष्टावण कधी?" मी म्हटलं, पोरगी आहे, विषम महिना. पाचवा नाहीतर सातवा. आमच्या घरात सातवाच. सातवा लागतो मार्चात, पाडवा त्यातच येतो. पाडव्याला करू. मामा चांदीच्या चमच्याने खीर भरवणार आणि वाटीत जे उरेल ते आजी संपवणार. बापाची आई. ते उष्टं दुसऱ्याने खायचं नाही, टाकायचं तर मुळीच नाही. प्रमोदचं सासूबाईंनी संपवलं होतं, वाटी बोटाने पुसून. तेव्हापासून मनात होतं की माझी पाळी येईल. किती वर्षं वाट बघितली त्या वाटीची ते माझं मला माहीत.

तिळगूळ चिमूटभर घेतला. संध्याकाळी तोही गेला. अश्विनीने बघितलं. आता मुंबईच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवू म्हणते.

मंगळवार, २० जानेवारी

हॉस्पिटलात आहे. नाकातून नळी घातलीय पोटापर्यंत. अडलेलं सगळं त्यातून बाहेर काढतायत. हलकं वाटतं, पण नाकात नळी घालून माणूस हत्तीसारखा दिसतो. बायोला आणू नका म्हटलं, घाबरेल.

तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. नंतर पलंगाच्या पायथ्याशी डॉ., प्रमोद, अश्विनी. इंग्रजीत चाललंय सगळं. मी मध्येच जाग्या डोळ्यांनी पडलेली. पोट कोणाचं? माझं. फोटो कोणाला दाखवतात? प्रमोदला. प्रमोदच्या पोटात मीच नऊ महिने... नाही, उलटं. असो. डोकं फिरलंय.

विचारलं तर प्रमोद म्हणतो, "सूज आहे आई. जठराच्या तोंडाशी. काही नाही." काही नाही म्हणताना त्याचा डावा डोळा लवतो. लहानपणी चिंचोटीच्या धबधब्यावर गेला होता आणि शाळेत होतो म्हणून सांगितलंन, तेव्हा असाच लवत होता.

शुक्रवार, २३ जानेवारी

चौथी शिकलेय मी. बोर्ड वाचता येतो.

स्कॅनला नेताना लिफ्टचं दार उघडलं, समोर मराठीतच लिहिलंय, मोठ्या अक्षरात, निळ्या पाटीवर. कॅन्सर विभाग. मी अश्विनीकडे बघितलं. ती लिफ्टच्या बटणांकडे. म्हटलं, "सुजेचा विभाग कुठे राहिला गं?" बिचारीच्या डोळ्यांत टचकन पाणी. तिचा राग नाही मला. राग त्यांचा आहे ज्यांना वाटतं म्हातारी म्हणजे केळीचं खोड, कापलं काय न् ठेवलं काय, त्याला विचारायचं कशाला.

रडले का? रडले. नळी असली की नीट रडताही येत नाही.

रविवार, २५ जानेवारी

आज तर कहर.

प्रमोद आला, खुर्ची ओढली, मोबाईल बघत बघत म्हणतो, "आई, बायोचं उष्टावण पाचव्यातच करून टाकू. येत्या रविवारी. इथून सोडतील तुला, घरच्या घरी उरकून घेऊ."

उरकून घेऊ! सातव्याचं ठरलेलं, पाडव्याचं ठरलेलं, आणि आता एकदम येता रविवार. मला काय कळत नाही? तोंडाने सूज सांगायची आणि पंचांगाची पानं पुढे उलटायची! कॅन्सरची पाटी वाचून इतकं लागलं नव्हतं जितकं हे लागलं. पाटी भिंतीवर होती. हे माझ्या पोराच्या तोंडातून आलं.

आणि रविवारी मी खाणार काय, नळीतून?

मी म्हटलं, "पोरीला दात नाहीत, मान नुकती धरलीय, आणि माझ्या मरणाची घाई म्हणून तिला भात कोंबता काय रे?" बाजूच्या पलंगावरची बाई उठून बसली. प्रमोद म्हणतो, "हळू, आई." हळू नाही. सातव्यातच. पाडव्यालाच. आणि वाटी मीच संपवणार.

शेवटी म्हटलं, डॉक्टरला बोलव. आणि मराठीत बोलायला सांग.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टीचा दिवस असून डॉ. आले. तरुण आहेत, मराठी चांगली. मग आठवडाभर कुठे ठेवली होती म्हटलं. हसले. म्हणाले, "घरचे म्हणाले की तुम्हाला सांगू नका."

असं. मग माझ्याशी बोलले, खुर्ची माझ्या तोंडासमोर घेऊन. जठर जिथे संपतं न् आतडं लागतं तिथे गाठ आहे, कॅन्सरची. वाट बंद. खाल्लेलं पुढे जात नाही म्हणून वर येतं. मी म्हटलं, पाट तुंबला, वाफ्यात पाणी नाही. म्हणाले, अगदी तसंच.

दोन रस्ते. एक, पोट उघडून आतडं वर आणून दुसऱ्या जागी जोडायचं. टिकतं जास्त, पण सावरायला वेळ लागेल आणि अशक्तपणात भारी पडेल. दोन, जाळीची नळी. तारांची, बारीक विणलेली. मिटवून तोंडातून दुर्बिणीबरोबर आत न्यायची, अडलेल्या जागी सोडायची, ती तिथे हळूहळू फुलते आणि वाट धरून ठेवते. चिरफाड नाही. थोड्याच दिवसांत मऊ खाता येईल.

"गाठ?"

"गाठ राहील. ह्या दोन्हीने गाठ जात नाही. तिची औषधं वेगळी, ती तुम्ही खायला लागलात, ताकद आली, की मग बोलू."

"आणि जाळी तुंबली तर?"

"तुंबू शकते. अन्न अडकून, नाहीतर गाठ आत वाढून. मग परत दुर्बीण."

"पाडव्याला मी खीर खाईन का?"

लगेच हो म्हणाले नाहीत. मला आवडलं ते. म्हणाले, "खात्री नाही देत. पण त्याच्यासाठीच तर जाळी आहे."

आता बघा. प्रमोदने बाहेर चहाच्या मशीनजवळ उभं राहून ऑपरेशनचं ठरवलेलं. ह्यांचं म्हणणं काहीच नको, तिला घरी न्या. शालू फोनवरून, "ह्या वयात कशाला छळता वैनीला." तिघांची तीन मतं आणि जिची आतडी तिला पत्ता नाही! बैल विकायचा असला तरी आधी त्याच्या पाठीवर हात ठेवतात.

मी म्हटलं, जाळी. अंगठा नाही, सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सासरचं.

गुरुवार, २९ जानेवारी

जाळी बसली. काल. काही कळलं नाही, झोपवलं होतं. उठल्यावर घशात खवखव आणि पोटात वरच्या बाजूला दुखत होतं, कोणी छत्री उघडतंय तसं. फुलतेय म्हणाले.

नाकातली नळी काढली!! आरशात बघितलं. पूर्वीही काही फार नव्हतं, पण हत्तीपेक्षा बरी.

आज पाणी. घोटभर. थांबले. परत घोटभर. वर नाही आलं. खाली कुठेतरी गुरगुरलं, आणि मला एवढा आनंद झाला की सिस्टरला हाक मारून ऐकवलं. मल्याळी पोरगी, तिला सांगितलं, "पाणी गया, नीचे गया." तिने टाळ्या वाजवल्या.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

घरी. पेज, वरणाचं पाणी, ताक, मग गुरगुट्या भात हाताने कुस्करून. सगळं आत राहतं. काय चव असते हो नुसत्या भाताला. इतकी वर्षं मी त्यावर कालवण ओतत आले.

बायोला मांडीवर घेऊन जेवते. घास तोंडाकडे नेला की तिचंही तोंड उघडतं. थांब म्हटलं, तुझी पाळी पाडव्याला. मी तुझ्या पुढच्या वर्गात. तिला दात नाहीत, मला आहेत पण वापरायला बंदी. लाळ गाळत माझ्या बशीकडे असं बघते की शेजारच्यांना वाटेल उपाशी ठेवतो पोरीला.

डॉ. नी कागद दिलाय काय खायचं नाही त्याचा. पालेभाजी नाही, पाव नाही, मटण नाही, संत्र्याची साल-चोथा नाही, शेवग्याची शेंग नाही. बारीक चावा, थोडं थोडं खा, जेवून आडवं पडू नका. पानही बंद. आमच्या वेलीचं पान वाशीच्या बाजारात जातं, आणि मालकिणीने नुसतं बघायचं! शालू मुद्दाम समोर बसून तोंड लाल करून जाते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहू की नको.

सकाळी सगळे बाहेर. प्रमोद ऑफिसला, अश्विनी बायोला लस द्यायला. हे वाडीतून आले, धोतराच्या कनवटीतून पुडी काढली. केळीच्या सुक्या पानात बांधलेली, सुंभाने. सुकेळी! यंदाची पहिली. मी आजारी म्हणून ह्या वर्षी राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायचं, संध्याकाळी आत घ्यायचं, परत घालायचं, सगळं ह्यांनी एकट्याने केलेलं. कधी हात लावला नाही आजवर त्या कामाला.

म्हणाले, "खा. मऊ आहेत. ताकद येईल."

आता आमच्याकडे बाळंतिणीला सुकेळी, तापातून उठलेल्याला सुकेळी, परीक्षेला बसणाऱ्याला सुकेळी. केळं म्हणजे मऊच, त्यात विचार कसला. कागदावर संत्रं होतं, पाव होता, सुकेळी नव्हती. आणि मधासारखी झाली होती. मी म्हटलं, जरा जास्त वाळलीत. असं म्हणायचं असतं, नाहीतर डोक्यावर बसतात. तीन खाल्ली.

आता संध्याकाळ. पोट नगारा. दुपारची पेज वर आली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

परत हॉस्पिटल, परत दुर्बीण. जाळीच्या तोंडाशी गोळा बसला होता. चिकट, धाग्याधाग्यांचा. तुकडे करून काढला म्हणे. जाळी ठीक आहे, जागची हललेली नाही. देवाची कृपा.

मग सुरू झाला उद्धार. प्रमोद: "आई, कागद वाचता येतो ना तुला? बोर्ड वाचता येतो, कागद नाही?" अश्विनी: "आई, आम्हाला विचारायचं तरी." शालू तर भेटीच्या वेळेत सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी, "जीभ म्हणजे जीभच वैनींची!" कोणी दिली, कशी दिली, सगळे विचारतायत. मी म्हटलं, मीच उठून घेतली. मडक्यातून.

हे दाराशी उभे. चेहरा बघवेना. तोंड उघडायला गेले, मी डोळे वटारले. गप्प बसायची एवढ्या वर्षांची सवय आजच मोडायची काय!

आणि मला राग कशाचा येतो सांगू? डॉ. नी विचारलं, "सुकेळी म्हणजे काय?" वसईच्या बाईच्या पोटात जाळी घालतात आणि वसईची बाई काय खाते ते माहीत नाही! संत्र्याची साल मी जन्मात खाल्ली नाही. ती लिहिली. मी सगळं सांगितलं, राजेळी कशी असते, कशी वाळते. ऐकून घेतलं त्यांनी. मग तो कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, सुकेळी नाही. म्हणाले, पुढच्या वसईकरांना सांगेन.

जाताना म्हणाले, "कोणी दिली ते मी विचारत नाही." मोठे शहाणे आहेत.

रविवार, २२ फेब्रुवारी

घरी. परत पहिलीपासून. पाणी, पेज, भात. बायो बसायला लागली उशी लावून. बसते, कलते, मी धरते. ती मला धरून बसते की मी तिला, सांगता येत नाही.

ह्यांनी मांडवावरच्या चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या. उरलेली राजेळी बाजारात पाठवली. माझ्याशी नजर मिळवत नाहीत. आज पाटाजवळ गाठलं. म्हटलं, "सुकेळी चांगली झाली होती." म्हणाले, "तुला मारली असती मी." मी म्हटलं, "मरायचीच तर दुधीच्या पाण्यापेक्षा सुकेळीने बरी." हसले नाहीत. पाटात अडकलेला पाला काढत राहिले, स्वच्छ होता तरी.

मंगळवार, १० मार्च

शालू आली होती. पान चावत. म्हणते, "वैनी, पाडव्याला वाटीचं टेन्शन घेऊ नका. बायोचं उष्टं मी संपवीन तुमच्या जागी. मी पण आजीच की. चुलत."

माझ्या जागी!

माझी जागा अजून रिकामी झालेली नाही. मी इथेच बसलेय, खुर्चीवर, हिच्या समोर. म्हटलं, "शालू, माझ्या जागी तुला माझ्या गोळ्या खायच्या असतील तर आत्ता देते. वाटीला हात लावशील तर हात मोडीन." तिला राग आला. मग रडायला लागली. म्हणाली, "मला भीती वाटते हो वैनी, परत अडकलं म्हणजे?" मला पण वाटते. पदर दिला डोळे पुसायला. पानाचा डाग पडला त्याला, जात नाहीये.

प्रमोदनेही काल तेच वळणावळणाने सांगितलं. नुसतं बोट लावून चाख आई, बाकी बघू. बोट लावायला मी मुंगी आहे काय.

डॉ. ना फोन केला. प्रमोदच्या फोनवरून, पण बोलले मी. तांदळाची पिठी शिजवून, गाळून, पातळ, खोबरं नाही, काजू नाही, वेलची दळून. चालेल म्हणाले. सावकाश. बसून. गाठीच्या औषधाचंही विचारलं त्यांनी, सुरू करायचं का. वजन थोडं भरलंय माझं. सलाईनमधून देतात, केस जातात, कोणाकोणाला फार त्रास होतो, गुण किती येईल ते सांगता येत नाही. म्हटलं, पाडवा होऊ दे, मग सांगते. आणि सांगेन मीच.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला मला बंद, म्हणून बाकी सगळ्यांना उभं राहून खायला लावला. शालूला दोन चमचे.

बायोला खणाचं परकर-पोलकं. पाट, रांगोळी, मामा दणकट, मांडीवर घेतलं तर भ्यायली. चांदीचा चमचा तोंडात गेला. चाखलंन. भुवया वर. मग एवढं तोंड वाकडं केलंन की हसून पुरेवाट. अर्धी खीर मामाच्या सदऱ्यावर. दुसरा चमचा मात्र आपणहून ओढला. आणि तिसरा. माझी बाय ती!

मग वाटी माझ्याकडे.

प्रमोद जवळ येऊन उभा राहिला, अश्विनीने टॉवेल आणून ठेवला बाजूला, लपवून, मला दिसेल असा. म्हटलं, "काय बघता? सिनेमा आहे? जेवायला बसा." कोणी हललं नाही. मी संपवली. चमच्या-चमच्याने, थांबून थांबून. तळाला राहिलं ते बोटाने पुसून, सासूबाईंनी पुसलं होतं तसं. थंड झाली होती, बायोची लाळ होती त्यात. इतकं गोड मी काही खाल्लेलं नाही.

आता पडवीत खुर्चीवर ताठ बसलेय आणि हे लिहितेय. आडवं व्हायचं नाही. आत जेवणं चाललीत पण कोणी मोठ्याने बोलत नाहीये, सगळ्यांचे कान इकडे. प्रमोद येऊन दोनदा दाराशी उभा राहून गेला. डावा डोळा लवतोय. पोटात गुरगुर आहे. खाली जातेय की वर येतेय, कळत नाही अजून.

हे आले. खांबाला टेकून उभे राहिले. वाडीकडे बघत विचारतात, "राजेळीचे मुनवे राखू का यंदा? लावायचे?"

बुंध्याशी फुटलेला मुनवा लावला की घड यायला वर्ष जातं. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे.

म्हटलं, "विचारता काय? लावा. आणि सुकेळी मी घालणार. तुम्ही फार वाळवता."

गेले कुदळ घेऊन, सणाच्या दिवशी, नव्या धोतराने. ओरडले मी मागून. थांबले नाहीत.

खीर अजून आत आहे.